व्यायामाचा उपदेश आणि विश्रांतीचा हक्क

१३ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडमधून उठलेल्या रुग्णांसाठी एक नियमावली प्रसिद्ध केली. प्रकृतीस झेपतील तितकी योगासने करावीत, प्राणायाम करावा, सकाळ-संध्याकाळ सोसेल त्या गतीने फिरावे, पुरेशी झोप व विश्रांती घ्यावी, सकस अन्न खावे आणि नोकरी-व्यवसाय टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करावा, असे तिचे सार होते. सल्ला म्हणून यात खोट काढण्याजोगे फारसे नाही. ‘झेपेल तितके’ हे शब्द तीत होते आणि ‘टप्प्याटप्प्याने’ हाही शब्द होता. परंतु पेण-रोह्याच्या कष्टकऱ्यापर्यंत पोचता पोचता नेमके हेच शब्द वाटेत गळून पडले, आणि त्याच्या कानी आले ते एवढेच : हातपाय हलव, घाम गाळ, कामाला लाग, म्हणजे आपोआप बरे वाटेल.

हे शब्द आपोआप गळत नसतात. ज्याच्यापाशी भरपगारी रजा आहे त्याच्यासाठी ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दाला अर्थ असतो. ज्याची मजुरी हजेरीवर आहे त्याच्यासाठी टप्पे दोनच : काम किंवा उपास. आजार एक, सल्ला एक, तरी त्याचे दोन अर्थ होतात, आणि कोणाच्या वाट्याला कोणता अर्थ यावा हे त्या माणसाचे वर्गीय स्थान ठरविते. दीर्घ कोविड आणि व्यायाम यांविषयी जी चर्चा चालते तिच्यात हा मुद्दा सोयीस्करपणे टाळला जातो, म्हणून तो येथे मांडणे अगत्याचे आहे.

प्रथम आजाराचे स्वरूप पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. कोविडची लागण झाल्यावर साधारणतः तीन महिन्यांनी जी लक्षणे आढळतात, निदान दोन महिने टिकतात आणि ज्यांचा दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा होत नाही, ती या आजाराची. थकवा, धाप आणि बुद्धीवर मळभ आल्यासारखी अवस्था ही त्यांतली प्रमुख. शंभर बाधितांमागे सुमारे सहा जणांना हा त्रास जडतो, असा याच संघटनेचा अंदाज आहे. ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. जाहीरनाम्याने आणीबाणी संपते, माणसाच्या अंगातला आजार संपत नाही.

या रुग्णांना एकाच तागडीत तोलता येत नाही, हे ध्यानात घेणे फार महत्त्वाचे आहे. काही जण प्राणवायूवर, अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे पडून होते. त्यांचे स्नायू झिजले, फुप्फुसे आखडली. अशांना योग्य देखरेखीखाली केलेला व्यायाम निश्चित उपयोगी पडतो. इंग्लंड व वेल्समध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या ५८५ जणांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ आठवडे तज्ज्ञांच्या देखरेखीत, लहान गटांत, शरीराचा आणि मनाचाही विचार करून दिलेल्या कार्यक्रमाने रुग्णांचे जीवनमान सुधारले आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. सुधारणा डोळे दिपविणारी नव्हती, परंतु खरी होती. कोविड वॉर्डातून घरी जाताना ज्यांच्या हाती तीन चेंडूंचे श्वसनयंत्र देण्यात आले, त्यांच्या बाबतीत त्या यंत्रामागची दिशा योग्यच होती. चूक होते ती यंत्र हाती देऊन पाठ फिरविण्यात.

दुसरा गट निराळा आहे. हे लोक आजारात कदाचित रुग्णालयात गेलेही नसतील. त्यांच्या छातीचा फोटो स्वच्छ, रक्ताचे अहवाल ठीक. पण थोडे अधिक श्रम झाले की एक-दोन दिवसांनी ते अक्षरशः कोसळतात. कोसळणे त्याच क्षणी होत नाही, येथेच या आजाराची गोम आहे. सोमवारी केलेल्या कामाची किंमत बुधवारी वसूल होते आणि ती फेडता फेडता कधी आठवडा, कधी महिना जातो. अशांना ‘रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा’ असे सांगणे म्हणजे कर्जात बुडालेल्याला आणखी कर्ज काढण्याचा सल्ला देण्यासारखे आहे.

हा मनाचा खेळ आहे असे म्हणणाऱ्यांची तोंडे आता बंद व्हावयास हवीत. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसे यांना सुमारे पंधरा मिनिटे सायकल चालविण्यास लावले आणि आधी व नंतर त्यांच्या स्नायूंचे तुकडे काढून तपासले. रुग्णांच्या स्नायूंतील ऊर्जानिर्मिती मुळातच मंद होती, श्रमानंतर ती आणखी घसरली आणि स्नायूंच्या हानीच्या खुणा वाढल्या. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ३१ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र एकेका सत्रापुरता व्यायाम बहुतेकांनी बऱ्यापैकी सोसला. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडणारे नाहीत. सरसकट व्यायाम घातक म्हणणे जितके चूक, तितकेच सरसकट व्यायाम तारक म्हणणेही चूक, एवढाच त्यांचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये नेमके हेच सांगितले : व्यायाम सुरू करण्यापूर्वी श्रमाने रक्तातील प्राणवायू उतरतो काय आणि हृदयाला इजा झाली आहे काय हे पाहा, श्रमानंतर कोसळणाऱ्या रुग्णाला आपल्या शक्तीचा हिशेब राखण्यास शिकवा. जागतिक फिजिओथेरपी संघटनेने तर २०२१ मध्येच हा इशारा दिला होता.

आता या शास्त्रीय सत्याच्या उजेडात पेण आणि रोह्याकडे पाहावे.

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांचा लौकिक देशोदेशी पोचला आहे. हमरापूर, जोहे परिसरात घरोघर हा धंदा चालतो. साच्यातून मूर्ती काढणे, ती घासणे, ओली मूर्ती उचलून ठेवणे, रंग देणे, डोळ्यांची आखणी करणे, ही कामे तासन्‌तास बसून, वाकून, धुळीत आणि रंगाच्या वासात करावी लागतात, आणि आषाढ-श्रावणात तर रात्रीचा दिवस होतो. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांच्या पाळ्या चालतात. लोखंडी जिने चढणे-उतरणे, गोण्या वाहणे, तोंडावर मुखवटा बांधून उग्र वासात उभे राहणे हे तेथील कंत्राटी कामगाराचे नित्याचे जिणे. खारेपाटात चिखलात पाय रोवून लावणी होते, खारबंदिस्ती फुटली तर माती वाहावी लागते. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. या माणसांना ‘जरा व्यायाम करा’ असे सांगताना सांगणाऱ्याची जीभ अडखळावयास हवी.

येथे एक हिशेबी गृहस्थ म्हणतील की, ही माणसे दिवसभर शरीर झिजवतात, तेव्हा त्यांना वेगळा व्यायाम कशाला? काम हाच त्यांचा व्यायाम! हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो मुळातच खोटा आहे. व्यायामाचे लक्षण असे की, तो माणूस स्वतःच्या इच्छेने सुरू करतो, शरीर नको म्हणाले की थांबवितो, आणि नंतर विसावा घेतो. मोलमजुरीत यांतले काहीच कामगाराच्या हाती नसते. केव्हा सुरू करावयाचे हे भोंगा ठरवितो, किती वेगाने करावयाचे हे मुकादम ठरवितो, केव्हा थांबावयाचे हे मागणी ठरविते. धाप लागली म्हणून धाटावचा कामगार जिन्यात मधेच बसू शकत नाही. चतुर्थीचा मुहूर्त मूर्तिकामगाराच्या थकव्यासाठी पुढे जात नाही. जे श्रम थांबविता येत नाहीत त्यांना व्यायाम म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे हे या आजाराचे जे वैशिष्ट्य, तेच कामगाराच्या मुळावर येते. मुकादम पाहतो ते असे : सोमवारी हा भला माणूस पाळी पुरी करून गेला, मंगळवारीही आला, आणि बुधवारी गैरहजर! यात आजार कसला, ही तर दांडी. रोगाचे वेळापत्रक आळसाच्या वेळापत्रकासारखे दिसते, आणि दिसते तेच मालकाच्या सोयीचे असते. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी बळावतो. असे वेळापत्रक पाळणारा आजार बहाण्यासारखा दिसावा यात नवल नाही. पण कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याला अखेर स्थान द्यावेच लागले. रायगडच्या किती घरांतील माणसे त्या गिरण्यांत राबली, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

थकलेल्या माणसाला व्यायामाचा उपदेश करण्यात राजकारण कसले, असे कोणी विचारील. त्याला ब्रिटनमधील एक कथा सांगितली पाहिजे. कोविडच्या बऱ्याच आधीपासून तेथे दीर्घकालीन थकव्याच्या आजाराने हजारो माणसे अंथरुणाला खिळली होती. त्यांना क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामाने गुण येतो, असा निष्कर्ष ६४१ रुग्णांच्या एका चाचणीतून २०११ मध्ये काढण्यात आला. या चाचणीला पैसा पुरविणाऱ्यांत आजारी व अपंगांना भत्ते देणारे सरकारी खातेही होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रुग्णांनी मूळ आकडे मागितले, ते नाकारण्यात आले, आणि २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशानेच ते खुले झाले. मूळ निकषांनी पुन्हा हिशेब मांडल्यावर बरे झालेल्यांचे प्रमाण पुष्कळच खाली आले. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २००७ साली स्वतःच केलेली क्रमवर्धित व्यायामाची शिफारस मागे घेतली. चौदा वर्षे लागली! ज्यांनी ती मागे घ्यावयास लावली त्यांत अंथरुणावरून पत्रे लिहिणाऱ्या रुग्णांचा वाटा मोठा होता. ‘व्यायामाने तुम्ही बरे व्हाल’ हे वाक्य ‘तुम्हाला भत्ता कशाला?’ या वाक्याचे जुळे भावंड असू शकते, हा या कथेचा धडा.

आपल्याकडे तर भत्त्याचीच बोंब आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे. क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांना ८० टक्के दराने, कमाल दोन वर्षांपर्यंत लाभ वाढवून मिळतो. पण ही ३४ आजारांची यादी कोविडच्या आधीची आहे, तीत दीर्घ कोविडचे नाव नाही. शिवाय लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ज्या कंत्राटी कामगाराला मधेमधे खंड देऊन पुन्हा घेण्यात येते, त्याचे ७८ दिवस भरावयाचे केव्हा? दहांपेक्षा कमी माणसे राबणाऱ्या लहान मूर्तिकारखान्याला ही योजना लागूच पडत नाही. खारेपाटातील शेतमजूर आणि भट्टीवरचा कातकरी तर तिच्या वेशीबाहेरच उभे आहेत. म्हणजे विश्रांतीचे औषध ज्यांना सर्वांत जास्त हवे, त्यांच्यासाठी ते दुकानातच ठेवलेले नाही.

स्त्रियांची गोष्ट आणखी बिकट. मंत्रालयाच्या त्याच नियमावलीत, प्रकृती साथ देत असेल तर घरकाम नियमित करावे, असेही म्हटले होते. घरकामाला मजुरी नाही म्हणून त्याला श्रमही समजावयाचे नाही, ही जुनी खोड येथेही दिसते. पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. हेटवणे धरण याच तालुक्यात, त्याचे पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना, आणि खारेपाटच्या बाईच्या डोक्यावर हंडा! दिवसभर मूर्ती रंगवून घरी आलेल्या बाईने पाणी भरावयाचे, भाकऱ्या थापावयाच्या आणि वर थकवा जावा म्हणून प्राणायामही करावयाचा. तिचा दिवस मोजला तर व्यायामाला जागा कोठे आहे, हा प्रश्न उरत नाही. विश्रांतीला जागा कोठे आहे, हाच प्रश्न उरतो.

आक्षेप येतील. पडून राहिल्याने शरीर अधिकच निकामी होते, असे काही डॉक्टर म्हणतील. दीर्घ अंथरुणाचे तोटे खरे आहेत, आणि कोणीही शहाणा माणूस रुग्णाला कायमचे खाटेवर झोपवा असे म्हणणार नाही. शक्तीचा हिशेब राखणे म्हणजे निपचित पडणे नव्हे. दिवसाची कामे तुकड्यांत विभागणे, थकवा येण्यापूर्वी बसणे, काल जमले म्हणून आज दुप्पट न करणे, आणि दोन दिवस प्रकृती स्थिर राहिली तरच एक पाऊल पुढे टाकणे, असा तो शिस्तीचा मार्ग आहे. ज्यांना व्यायाम मानवतो त्यांनी सपाट जागेवर थोडे चालावे, खुर्चीवरून उठबस करावी, मोजून वाढवावे. ज्यांना मानवत नाही त्यांनी वाढविण्याचा हट्ट धरू नये. छातीत दुखणे, धडधड, घेरी ही लक्षणे असतील तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. यात अवघड असे शास्त्र काही नाही. अवघड आहे ती मजुरी न बुडता हे करण्याची सोय.

दुसरा आक्षेप पैशाचा. गरीब देशाला हे परवडणार कसे? याला उत्तर महाराष्ट्र शासनाच्याच कृतीत आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविका आणि स्वयंसेवक हाती तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले. साथीच्या भरात जे उपकरण झोपडीच्या दारात पोचू शकले, ते साथ ओसरल्यावर कपाटात का पडावे? रुग्णाला एक मिनिट खुर्चीवरून उठबस करावयास लावून आधी आणि नंतर बोटाचा आकडा पाहिला, तो तीन टक्के किंवा अधिक उतरला तर रुग्ण पुढे पाठविला, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारपूस केली, तर निम्मी वाट सरते. यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. साथीत ‘जबाबदारी’ कुटुंबाची होती; आता ती शासनाची आहे, एवढे मान्य करावे लागते.

शेवटी चळवळीनेही आरशात पाहावे. श्रमाचा गौरव हा समाजवादी विचाराचा प्राण आहे, पण त्या गौरवाची एक विकृती कार्यकर्त्यांच्या बोलण्यात डोकावते. जो राबतो तो खरा, जो बसला तो कामचुकार, ही भाषा मालकाची आहे. ती युनियनच्या बैठकीत ऐकू येता कामा नये. मोर्चाला आला नाही, सभेत मागे बसला, पावती-पुस्तक परत दिले, म्हणून ज्या जुन्या साथीला ‘थंडावला’ असे म्हटले जाते, त्याच्या घरी जाऊन कोणी चौकशी केली काय? आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या कामगारांनी आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, अशी मागणी केली होती. विश्रांती त्या मागणीच्या मध्यभागी होती. श्रमाची प्रतिष्ठा मानणाऱ्यानेच थकव्याची प्रतिष्ठा मानली पाहिजे.

तेव्हा कामे स्पष्ट आहेत. पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या वारी दीर्घ कोविडच्या रुग्णांची तपासणी व्हावी आणि तेथे फिजिओथेरपिस्टला प्रत्येक रुग्णासाठी पुरेसा वेळ असावा, गुंतागुंतीच्या रुग्णांना अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार मिळावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत या आजाराला स्वतंत्र रकाना मिळावा, कारण ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी निधी नाही. राज्य विम्याच्या दीर्घ आजारांच्या यादीत त्याचा समावेश व्हावा. धाटावच्या कारखान्यांशी होणाऱ्या प्रत्येक करारात, आजारातून उठलेल्या कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, मजुरी न कापता हलके काम आणि कमी तास मिळण्याचे कलम असावे. मूर्तिकामगार आणि शेतमजूर यांच्यासाठी आजारपणाच्या भत्त्याची सोय शासनाने करावी. आणि हे सर्व होईपर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या गावातील अशा माणसांची यादी करावी, त्यांच्या दारी जावे, त्यांना तपासणीला न्यावे.

व्यायाम हे औषध आहे असे वैद्यकशास्त्र म्हणते. मान्य! पण औषध म्हटले की त्याला मात्रा आली, तपासणी आली, पथ्य आले आणि काहींना ते चालत नाही हेही आले. पथ्य म्हणजे येथे विश्रांती, आणि विश्रांतीची किंमत मजुरीत मोजली जाते. ती किंमत कोणी भरावयाची, हे ठरविल्याविना जो व्यायामाचा उपदेश करतो, तो औषधाची चिठ्ठी लिहून रुग्णाच्या खिशातील शेवटचा रुपया काढून घेतो. पेण-रोह्याच्या कष्टकऱ्याला ही चिठ्ठी नको आहे. त्याला आपला श्वास परत हवा आहे, आणि तो परत येईतो बसण्याचा हक्क हवा आहे.